पालशेतची पुळण ते पुण्याचं प्लॅस्टर : ७४ तास आणि १५ वर्षं

डॉक्टरच्या हयगयीबद्दल नुकसानभरपाई मागायची तर भारतातला वकील आजही ‘जोशी विरुद्ध गोडबोले’ या खटल्याचं नाव घेतो. जोशी म्हणजे पुण्यातले डॉक्टर आणि गोडबोले म्हणजे दगावलेल्या मुलाचे वडील. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, तारीख २ मे १९६८. त्यातला डॉक्टरच्या कर्तव्यांबद्दलचा परिच्छेद शेकडो निकालांत उतरवला गेला आहे. त्या परिच्छेदाच्या आधी निकालपत्रात घटनेची हकिगत येते. ती वाचताना जाणवतं की न्यायमूर्तींनी आधी घड्याळ मांडलं आणि कायदा मागाहून सांगितला. किती वाजता कोण आलं, काय दिलं, काय बांधलं, कोण निघून गेलं, हे सगळं त्यात क्रमाने आहे.

मुलाचा पाय मोडला आहे हे पहिल्या संध्याकाळपासून सगळ्यांना ठाऊक होतं. कुठलं हाड, हेही कळलं होतं. अंदाज चुकला तो दुसऱ्याच गोष्टीचा. त्या पायाला आणि त्या शरीराला त्या घटकेला काय सोसवेल, हे पारखण्यात चूक झाली, असं तिन्ही न्यायालयांचं म्हणणं पडलं. म्हणून ही हकिगत तासातासाने वाचायला हवी.

बुधवार, ६ मे १९५३, संध्याकाळ (मृत्यूच्या सुमारे ७४ तास आधी)

रत्नागिरी जिल्ह्यातलं समुद्रकाठचं पालशेत. वीस वर्षांचा मुलगा पुळणीवर पडतो आणि डाव्या मांडीचं हाड मोडतं. घर तिथून सुमारे दीड मैलावर. घरी आई आहे. वडील दौंडला असतात, तिथे त्यांचा दवाखाना आहे. कुणीतरी जाऊन खाट आणतं आणि मुलाला खाटेवर घालून घरी नेतात. यात बराच वेळ जातो.

मांडीचं हाड शरीरातलं सर्वांत लांब आणि सर्वांत भक्कम. त्याच्याभोवती तितकेच दणकट स्नायू. हाड मोडलं की हे स्नायू आखडतात आणि मोडलेली टोकं एकमेकांवर चढतात, पाय आखूड दिसू लागतो. बाहेर रक्ताचा थेंब न दिसता आतल्या आत लिटरभर, कधी त्याहून जास्त रक्त मांडीत साचतं. हाडाच्या पोकळीतल्या मज्जेत चरबी असते. टोकं हलत राहिली की त्या चरबीचे कण फाटलेल्या शिरांतून रक्तात उतरण्याची भीती असते. त्यामुळे अशा रुग्णाची पहिली गरज एकच, पाय हलता कामा नये.

त्याच रात्री साडेआठ-पावणेनऊ (७२ तास आधी)

गावातले डॉक्टर येतात. पायाला लाकडी फळ्या बांधतात आणि मुलाला पडून राहायला सांगतात. दुसरं काही करत नाहीत.

कोर्टाच्या कागदांत या उपचाराला एकच वाक्य मिळालं आहे, पण पुढचा क्रम वाचल्यावर त्या वाक्याचं मोल कळतं. समुद्रकाठच्या खेड्यातल्या डॉक्टरने हाड ओढून बसवायचा मोह टाळला. त्याच्याकडे क्ष-किरण यंत्र नव्हतं, भूल द्यायची सोय नव्हती. आपल्या हातात काय नाही याची जाण त्याला होती आणि ती त्याने पाळली.

गुरुवार, ७ मे आणि शुक्रवार, ८ मे

दुसऱ्या दिवशी डॉक्टर पुन्हा येऊन पाहतात. मुलाची प्रकृती चांगली आहे. तरीही ते सांगतात की याला पुण्याला न्या. शुक्रवारी ते कुठून तरी मॅकिन्टायर स्प्लिंट मिळवतात आणि फळ्या काढून ते बांधतात. टॅक्सी ठरते.

या दोन दिवसांत काहीच घडलं नाही, आणि हीच गोष्ट महत्त्वाची आहे. हाड मोडून दोन दिवस उलटले आहेत, पाय बांधलेला आहे, मुलगा बरा आहे. म्हणजे ही इजा वाट पाहू शकते. अमुक तासात हाड बसवलं नाही तर पाय जाईल किंवा जीव जाईल, अशी ती वेळ नव्हती.

शनिवार, ९ मे, रात्री १ (२० तास आधी)

टॅक्सीत मुलाला मागे रेलून, पाय लांब करून बसवलं आहे. सोबत आई आणि गावातले डॉक्टर. गुहागरच्या किनाऱ्यावरून पुण्याला यायचं म्हणजे सह्याद्री चढून येणं आलं. अंतर सुमारे २०० मैल. १९५३ सालचे रस्ते, घाट, आणि बांधलेल्या पायाला धक्का लागू नये म्हणून सांभाळून हाकलेली गाडी. हे अंतर कापायला साडेदहा तास लागले, म्हणजे ताशी जेमतेम १९ मैल.

या प्रवासाने मुलगा थकला असणार, हे उघड आहे. कोर्टात डॉक्टरांच्या बाजूने या थकव्याचा दाखला दिला गेला. रुग्ण लांबून आला होता, पायाला सूज होती, म्हणून हाड बसवणं आपण लांबणीवर टाकलं, असं त्यांचं म्हणणं होतं. पण हा दाखला दुधारी होता. रुग्ण दमलेला होता हे एकदा मान्य केलं की, मग त्या दमलेल्या रुग्णाच्या पायाशी दुपारी नेमकं काय केलं, हा प्रश्न अधिकच टोकदार होतो.

सकाळी ११.३० (साडेनऊ तास आधी)

टॅक्सी पुण्यात पोचते. तोवर वडील दौंडहून येऊन थांबले आहेत. मुलाला आधी ताराचंद रामनाथ रुग्णालयात नेतात. तिथे क्ष-किरणांखाली पाहिल्यावर कळतं की हाडाची टोकं एकमेकांवर चढली आहेत. सळईचा ताण द्यावा लागेल, असं मत पडतं.

सळईचा ताण म्हणजे हाडातून आरपार एक बारीक सळई घालायची, तिला दोरी बांधायची, दोरी खाटेच्या टोकाशी कप्पीवरून खाली सोडायची आणि तिला वजन लावायचं. वजन दिवसरात्र ओढत राहतं. आखडलेले स्नायू हळूहळू सैलावतात आणि चढलेली टोकं आपापल्या रेषेत येतात. याला दिवस लागतात, आठवडेही लागतात. या पद्धतीचं सारं बळ सबुरीत असतं. थोडक्यात, दुपार होण्याआधीच कागदावर एक दिशा आली होती आणि ती संथ होती.

दुपारी २.१५ (पावणेसात तास आधी)

तिथून मुलाला शहरातल्या एका खासगी रुग्णालयात आणतात. मुख्य डॉक्टर अजून आलेले नाहीत. त्यांचे सहायक मुलाला दाखल करून घेतात.

काही वेळाने मुख्य डॉक्टर येतात. प्राथमिक तपासणी करतात आणि सहायकाला सांगतात की मॉर्फियाचं १/८ ग्रेन आणि हायोसीनचं १/२०० ग्रेन, अशी दोन इंजेक्शनं तासाच्या अंतराने द्या. सहायक एकच देतात. दुसरं दिलं जात नाही.

आजच्या मापात तो डोस म्हणजे सुमारे ८ मिलिग्रॅम मॉर्फिन आणि एका मिलिग्रॅमचा जेमतेम तिसरा हिस्सा हायोसीन. मॉर्फियाने वेदना बोथट होते, माणूस गुंगतो. श्वास मंदावतो, म्हणून ते जपून द्यायचं औषध आहे. पण मॉर्फिया म्हणजे भूल नव्हे. पूर्ण भुलेत स्नायू ढिले पडतात आणि मेंदूला वेदनेची खबर लागत नाही. अर्धवट गुंगीतल्या माणसाचा पाय ओढला तर स्नायू ताकदीने विरोध करतात, वेदना शरीरभर धक्का देते, रक्तदाब कोसळू शकतो. मांडीचं हाड हाताने ओढून बसवायचं असेल तर भूल द्यावी, हा त्या काळीही हाडांच्या शस्त्रक्रियेचा प्राथमिक नियम होता. पुढे न्यायालयाने भुलेबद्दल शब्द वापरला तो असाच. भूल देणं ही साधी, मूलभूत खबरदारी होती, असं निकालपत्र म्हणतं.

दुपारी चार-सव्वाचार (पावणेपाच तास आधी)

मुलाला तळमजल्यावर क्ष-किरण खोलीत नेतात. पायाचे दोन फोटो काढतात. मग वरच्या मजल्यावर शस्त्रक्रियागृहात. तिथे तो तासाभराहून थोडा अधिक वेळ असतो. बाहेर येतो तेव्हा पाय प्लॅस्टरमध्ये असतो.

सगळा खटला याच तासाभोवती फिरतो, आणि या तासाच्या दोन हकिगती आहेत.

आईवडिलांचं म्हणणं असं की, तिथे हाड बसवलं गेलं. तीन माणसांच्या मदतीने पाय हाताने ओढला. इतका जोर लावला आणि तोही भूल न देता, नुसत्या मॉर्फियाच्या गुंगीत. अशा ओढाताणीतून जिवावर बेतणारा धक्का बसू शकतो किंवा चरबीचे कण रक्तात जाऊ शकतात, हे माहीत असायला हवं होतं.

डॉक्टरांचं म्हणणं असं की, हाड बसवणं आपण पुढे ढकललं होतं. पाय हलू नये म्हणून हलका ताण देऊन प्लॅस्टर केलं, त्यापलीकडे काही नाही. मृत्यू मोडलेल्या हाडाचाच एक ज्ञात उपद्रव होता.

दोन्ही हकिगतींत खोली तीच, माणसं तीच, प्लॅस्टरही तेच. तफावत फक्त पाय ओढला की नुसता बांधला, एवढीच. पण त्या आईवडिलांचा न्याय आणि एका डॉक्टरची अब्रू, दोन्ही या तफावतीवर टांगलेली होती.

संध्याकाळी ५.३० (साडेतीन तास आधी)

उपचार संपले. मुलाला वरच्या मजल्यावरच्या खोलीत आणतात. वडिलांना सांगितलं जातं की, सात वाजेपर्यंत मॉर्फियाचा अंमल उतरेल. वडील दौंडला निघून जातात. आई मुलापाशी थांबते.

वडील स्वतः डॉक्टर आहेत, हे इथे लक्षात ठेवायला हवं. मुलाच्या जिवाला धोका दिसतोय, चरबी रक्तात गेल्याची लक्षणं आहेत, असं काहीही त्यांच्या कानावर घातलं असतं तर ते त्या संध्याकाळी दौंडला गेले असते का? निघून गेलेला बाप हा इथे मूक पुरावा आहे. सात वाजता मुलगा शुद्धीवर येईल, या एका वाक्यावर विसंबून तो गेला.

संध्याकाळी ६.३० (अडीच तास आधी)

सांगितलेल्या वेळेला अजून अर्धा तास आहे. आईच्या लक्षात येतं की मुलाला श्वास घेताना त्रास होतोय आणि खोकला येतोय.

वैद्यकाचं शिक्षण नसलेल्या माणसाच्या नजरेलाही दिसावीत अशी ही लक्षणं. ती पहिल्यांदा पाहिली आईने, कारण खोलीत तीच होती. सहायक डॉक्टर मुख्य डॉक्टरांना बोलावतात. प्रकृती खालावते आहे हे पाहून ते तातडीचे उपचार सुरू करतात.

रात्री ९

उपचार नऊपर्यंत चालतात. नऊ वाजता मुलगा दगावतो. पालशेतच्या पुळणीवर पाय मोडल्याला तीन दिवस आणि वर दोन-एक तास झाले आहेत.

मुख्य डॉक्टर मृत्यूचा दाखला देतात. कारण लिहितात, फॅट एम्बोलिझम. मोडलेल्या हाडातल्या मज्जेची चरबी रक्तात शिरून फुप्फुसात आणि मेंदूत अडकणं, असा त्याचा अर्थ.

हे कारण हवेतून काढलेलं नव्हतं. मांडीचं हाड मोडल्यावर साधारण एक ते तीन दिवसांत हा उपद्रव उद्भवू शकतो, आणि त्याचं पहिलं लक्षण बहुतेक वेळा श्वासाचा त्रास असतो. दिवस जुळत होते, लक्षणही जुळत होतं. उत्तम उपचार होऊनही असा रुग्ण हातचा जाऊ शकतो. डॉक्टरांच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा हाच होता आणि म्हणूनच हा दावा सोपा नव्हता. मृत्यू झाला एवढ्यावर कुणी हयगयीचा दोषी ठरत नाही. आईवडिलांना सिद्ध करायचं होतं ते त्या सव्वा तासातलं कृत्य.

घड्याळ थांबल्यावर : १९५३ ते १९६८

आईवडिलांनी भरपाईचा दिवाणी दावा लावला. दिवाणी न्यायालयाने डॉक्टरांना हयगयीसाठी जबाबदार धरलं आणि ३,००० रुपये भरपाई मंजूर केली. डॉक्टर मुंबई उच्च न्यायालयात गेले. १९६३ मध्ये तिथेही निकाल तोच राहिला. भूल न देता हाड बसवलं, तीन मदतनिसांकरवी प्रमाणाबाहेर जोर लावला आणि त्यातून आलेला धक्का किंवा मेंदूतला एम्बोलिझम मृत्यूचं निकटचं कारण ठरला, असा निष्कर्ष उच्च न्यायालयाने काढला. हाड बसवणं पुढे ढकललं होतं ही डॉक्टरांची हकिगत दोन्ही न्यायालयांना पटली नाही.

मग सर्वोच्च न्यायालय. खंडपीठात न्यायमूर्ती शेलत, भार्गव आणि वैद्यलिंगम. २ मे १९६८ रोजी, म्हणजे घटनेला १५ वर्षं पुरी व्हायला आठवडा उरला असताना, अपील फेटाळलं गेलं.

त्या निकालपत्राने डॉक्टरची तीन कर्तव्यं सांगितली. हा रुग्ण आपण घ्यायचा की नाही, हे ठरवताना काळजी घेणं. कोणता उपचार करायचा, हे ठरवताना काळजी घेणं. आणि तो उपचार प्रत्यक्ष करताना काळजी घेणं. यातलं एक जरी चुकलं आणि त्यातून इजा झाली, तर रुग्णाला दावा लावता येतो. काळजीचं मापही तिथेच ठरलं. डॉक्टरकडून सर्वोच्च कौशल्याची अपेक्षा कायदा धरत नाही आणि अगदी खालच्या पातळीचं कौशल्य चालवूनही घेत नाही. त्या परिस्थितीत वाजवी म्हणावी इतकी जाण आणि इतकी काळजी, एवढंच तो मागतो.

हे तीन टप्पे त्या शनिवारच्या वेळापत्रकावर ठेवून पाहावेत. सव्वादोनला रुग्ण घेतला, यात गैर काही नव्हतं. उपचार ठरवताना मात्र दिवसांत करायचं काम तासात उरकायचं ठरलं. आणि ते करताना भूल वगळली गेली. न्यायालयाने बोट ठेवलं ते या दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यावर.

३,००० रुपये

१५ वर्षं आणि तीन न्यायालयं यांच्या शेवटी हा आकडा वाचताना आजच्या वाचकाला चमकायला होतं. त्याचं कारण कायद्याच्या रचनेत आहे. एखाद्याच्या चुकीने माणूस दगावला तर जवळच्यांना भरपाई मागू देणारा आपला कायदा १८५५ चा, प्राणघातक अपघातांविषयीचा. या कायद्यात मोजतात ते मागे राहिलेल्यांचं आर्थिक नुकसान. मुलगा वीस वर्षांचा. त्याने पुढे आईवडिलांना काय दिलं असतं, याचा अंदाज बांधून रक्कम काढायची. आईबापांच्या दुःखाला त्या गणितात रकाना नाही.

तेव्हा पैशासाठी हा दावा कुणी १५ वर्षं ओढला असेल, असं वाटत नाही. त्या सव्वा तासात काय झालं याची नोंद एका अधिकृत कागदावर व्हावी, आणि मृत्यूच्या दाखल्यातल्या दोन शब्दांवर गोष्ट मिटू नये, यासाठी तो लढला गेला असावा. ती नोंद झाली आणि टिकली.

ज्यांना घड्याळ वाचता येतं

१९५३ नंतर कायदा बराच बदलला. १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवाही त्यात बसते. दिवाणी कोर्टाची भारी फी आणि लांबण टाळून ग्राहक मंचाकडे जायची वाट त्यामुळे खुली झाली. दुसऱ्या बाजूने, २००५ मध्ये याच न्यायालयाने बजावलं की उपचार फसला किंवा अंदाज चुकला म्हणजे हयगय झाली असं नाही. डॉक्टरवर फौजदारी खटला भरायचा तर हयगय ठळक आणि गंभीर असली पाहिजे, आणि आधी दुसऱ्या जाणकार डॉक्टरचं मत घेतलं पाहिजे. दोन्ही गोष्टी रास्त आहेत. मांडीचं हाड हाताळायला डॉक्टर घाबरू लागले तर तोटा रुग्णाचाच आहे.

पण गाजलेले दावे शेजारी शेजारी ठेवले की एक गोष्ट डाचते. १९५३ च्या घटनेवर दावा लावणारे वडील डॉक्टर होते. १९९८ मध्ये कोलकात्यात चुकीच्या मात्रेत स्टिरॉइड दिलेल्या आणि पुढे मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात दगावलेल्या तरुणीच्या पतीला २०१३ मध्ये सुमारे ६ कोटी रुपयांची भरपाई मिळाली. तेही डॉक्टर. तिथेही १५ वर्षं लागली. २०१० मधल्या एका महत्त्वाच्या निकालात मलेरियाला टायफॉइड समजून उपचार झालेल्या महिलेच्या पतीला दोन लाख मंजूर झाले आणि प्रत्येक दाव्यात तज्ज्ञाचा अहवाल लागतोच असं नाही, हेही ठरलं. तो पती मलेरिया विभागात अधिकारी होता.

निदान किंवा उपचार चुकला हे ओळखण्याची ताकद ज्यांच्याकडे आधीच होती, त्यांनी हे दावे जिंकले. मॉर्फिया आणि भूल यांतला फरक वडिलांना माहीत होता. तो माहीत नसलेला बाप मृत्यूचा दाखला खिशात घालून निमूट घरी गेला असता. पालशेतच्या शेजारच्या गावातल्या एखाद्या शेतकऱ्याचा मुलगा त्या खाटेवर असता तर ‘जोशी विरुद्ध गोडबोले’ नावाचा खटला उभाच राहिला नसता, आणि त्याबरोबर ती तीन कर्तव्यंही इतक्या लवकर लिहिली गेली नसती.

आजचं वेळापत्रक

ज्याला वैद्यकातलं काही कळत नाही त्याने काय करावं? उत्तर त्याच निकालपत्रात आहे. न्यायालयाने निकाल दिला तो वेळांवरून आणि कागदांवरून, आणि वेळ टिपायला वैद्यकाचं शिक्षण लागत नाही. साडेसहाला श्वास लागला हे सांगणारी आई डॉक्टर नव्हती.

पहिली मुदत ७२ तासांची. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागणी केल्यावर ७२ तासांत केसपेपर, तपासण्यांचे अहवाल यांच्या प्रती द्याव्या लागतात. मागणी लेखी करावी आणि तिची पोच घ्यावी. तोंडी मागणीला पुरावा राहत नाही. मुंबई उच्च न्यायालयानेही १९९६ मध्ये रुग्णाचा या कागदांवरचा हक्क मान्य केला आहे. प्लॅस्टर करण्याआधीचा आणि नंतरचा, दोन्ही क्ष-किरण फोटो मागावेत. हाड बसलं की नाही हे त्या दोन फोटोंच्या तुलनेतून दुसऱ्या डॉक्टरला सांगता येतं.

दुसरी मुदत तीन वर्षांची. त्याच नियमांप्रमाणे डॉक्टरांनी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं कागद जपून ठेवायचे असतात. त्यानंतर ते सापडतीलच असं नाही.

तिसरी मुदत दोन वर्षांची. ग्राहक आयोगापुढे तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायची, असं २०१९ चा कायदा सांगतो. उशिराला सबळ कारण असेल तर आयोग माफ करू शकतो, पण ते कारण पटवून द्यावं लागतं. आणि चुकलेलं हाड अनेकदा उशिरा कळतं. प्लॅस्टर काढल्यावर पाय आखूड वाटतो, वाकडा वाटतो, ‘व्यायामाने सुटेल’ म्हणून महिने जातात, आणि तोवर घड्याळ चालूच असतं. म्हणून शंका आली त्याच आठवड्यात दुसऱ्या अस्थितज्ज्ञाचं मत लेखी घ्यावं.

आणि नातेवाइकाने स्वतः ठेवायची एक वही. कितीला दाखल केलं, कोणतं इंजेक्शन कितीला दिलं, भूल दिली का आणि कुणी दिली, शस्त्रक्रियागृहात कितीला नेलं आणि कितीला बाहेर आणलं, डॉक्टर काय म्हणाले, पहिला त्रास कितीला दिसला. तिथल्या तिथे लिहिलेल्या ओळीला महिन्याभराने आठवून सांगितलेल्या गोष्टीपेक्षा कोर्टात कितीतरी जास्त वजन असतं. चांगल्या डॉक्टरला अशा वहीची भीती वाटायचं कारण नाही. त्याच्या केसपेपरवर त्याच वेळा लिहिलेल्या असतात, आणि खोटा आरोप झाला तर हीच वही त्याचीही साक्षीदार ठरेल.